फुकट विमान की युनियनचं कार्ड? फेडएक्स आणि यूपीएसमधून निवडताना

भाचा नॅशव्हिलला राहतो. वय वीस, ग्रीन कार्ड आहे, कॉलेजचं एक वर्ष झालंय आणि पुढच्या फीचा घोर लागलाय. परवा त्याचा फोन आला. "मामा, दोन ठिकाणी अर्ज टाकतोय. मेम्फिसला फेडएक्स आणि लुईव्हिलला यूपीएस. काम तेच, रात्री पार्सलं उचलायची. पण फेडएक्सवाल्यांना विमानातनं फुकट फिरता येतं म्हणे. म्हणजे डिसेंबरात पुण्याला आजीकडे..."

इथे मी त्याला थांबवलं, आणि मग आमचं तासभर बोलणं झालं. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न आता बऱ्यापैकी येतो. मुलं शिकता शिकता काम शोधतात, एच-४ वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्यांना वर्क परमिट मिळालं की तेही शोधतात. (एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर मात्र हा मजकूर तुमच्यासाठी नाही. कॅम्पसबाहेर असं काम करून व्हिसा धोक्यात घालू नका.)

लोक कागदावर दोन रकाने पाडतात आणि एकात विमानप्रवास लिहितात, दुसऱ्यात युनियन. मला वाटतं, दोन्हींचं मूळ एकच आहे: कायद्यापुढे कंपनी स्वतःला विमान कंपनी म्हणवते की ट्रक कंपनी.

एकच वर्ष, दोन निकाल

अमेरिकेत कामगारांसाठी दोन मोठे कायदे आहेत. रेल्वे लेबर ॲक्ट १९२६ चा. देशाची गाडी संपामुळे ठप्प होऊ नये म्हणून तो केला आणि १९३६ मध्ये त्यात विमान कंपन्या घातल्या. बाकी खासगी उद्योगांना १९३५ चा नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्ट लागू होतो. वाहतुकीतल्या संपाचा सरकारला किती धसका असतो ते १९७४ चा रेल्वेसंप आठवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

फेडएक्स जन्मली तीच विमानांसकट. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेम्फिसहून १४ छोटी फाल्कन विमानं उडाली आणि २५ शहरांसाठी १८६ पाकिटं गेली. यूपीएस १९०७ मध्ये सिॲटलला निघाली ती पायी आणि सायकलवरून निरोप पोचवणाऱ्या पोरांची कंपनी म्हणून. तिची स्वतःची विमानसेवा सुरू झाली थेट १९८८ मध्ये. त्यामुळे फेडएक्सचा कुरियर दिवसभर व्हॅन चालवत असला तरी कायद्याच्या लेखी तो विमान कंपनीचा माणूस. यूपीएसचा तपकिरी गाडीतला ड्रायव्हर ट्रकवाला.

यूपीएसलाही विमानवाल्यांच्या पंगतीत बसायचं होतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आमचे जमिनीवरचे कर्मचारीही रेल्वे लेबर ॲक्टखाली धरा, असा दावा तिने केला आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयात ती हरली. त्याच वर्षी संसदेत विमान वाहतुकीच्या विधेयकातून रेल्वे लेबर ॲक्टमध्ये 'एक्स्प्रेस कंपनी' हे शब्द परत घातले गेले आणि फेडएक्सची बाजू पक्की झाली. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी जंग जंग पछाडलं, पण ते शब्द राहिले. पुढे २००९ मध्ये हे उलटवायचा प्रयत्न झाला तेव्हा फेडएक्सने यूपीएसच्या तपकिरी रंगावरून 'ब्राउन बेलआउट' अशी जाहिरातबाजी केली. तो प्रयत्नही बारगळला. कंपन्या एका व्याख्येसाठी एवढा पैसा ओततात, तेव्हा त्या व्याख्येत आपलं काय जातं ते कामाला लागणाऱ्याने बघावं.

सॉर्टवरच्या (पार्सलं वेगळी करणाऱ्या) माणसाला काय फरक पडतो

यूपीएसच्या बाजूच्या कायद्यात एका इमारतीतली माणसंही एकत्र येऊन युनियनसाठी मतदान मागू शकतात आणि त्यासाठी ३० टक्क्यांच्या सह्या पुरतात. रेल्वे लेबर ॲक्टमध्ये त्या प्रकारचं काम करणारे देशभरातले सगळे एक गट धरले जातात आणि २०१२ पासून निम्म्या लोकांच्या सह्या लागतात. म्हणजे मेम्फिसच्या एका बेल्टवरच्या दोनशे जणांचं कितीही जमलं तरी ते एकटे काही करू शकत नाहीत. फेडएक्सचे वैमानिक संघटित आहेत, पण सॉर्टवरचे आणि कुरियर नाहीत.

आणि वैमानिकांचं तरी काय? या कायद्यात करार संपत नाही, तो 'दुरुस्तीला खुला' होतो. मग सरकारी मध्यस्थी, त्यानंतर डोकी थंड करायला ३० दिवस (तोवर संप नाही), शिवाय राष्ट्राध्यक्षांचं मंडळ येऊ शकतं. फेडएक्सच्या वैमानिकांची बोलणी २०२१ मध्ये सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये हातात आलेला मसुदा ५७ टक्क्यांनी फेटाळला गेला आणि गाडं पुन्हा मध्यस्थांच्या दारात.

यूपीएसकडे याच्या उलट चित्र आहे. टीमस्टर्स ही युनियन आधीपासून आहे, तुम्हाला काही उभं करायचं नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये १,८५,००० लोक १५ दिवस संपावर गेले आणि अर्धवेळांसाठी १०,००० पूर्णवेळ जागा मिळवून आले. २०२३ मध्ये सुमारे ३,४०,००० जणांचा करार संपाच्या उंबरठ्यावर झाला आणि ८६.३ टक्क्यांनी मंजूर झाला. नव्या अर्धवेळ माणसाला तासाला किमान २१ डॉलर, रोज साडेतीन तासांची हमी, आणि काही महिने थांबल्यावर हप्ता न भरता आरोग्यविमा. या देशात अर्धवेळ कामाला असा विमा म्हणजे काय, हे ज्याने एकदा इमर्जन्सी रूमचं बिल उघडलंय त्याला विचारा. वर्गणी महिन्याला साधारण अडीच तासांची मजुरी. केंटकीत (लुईव्हिल याच राज्यात आहे) २०१७ पासून ती सक्तीची नाही, पण करार तुम्हाला लागू होतोच.

युनियन म्हणजे माहेर, असं मात्र समजू नका. २०१८ मध्ये ५४ टक्के लोकांनी 'नको' म्हटलेला करार, मतदान निम्म्याहून कमी झालं या नियमावर बोट ठेवून युनियनच्याच नेत्यांनी लागू केला. त्यात कमी पगाराच्या ड्रायव्हरांची एक वेगळी जात निर्माण झाली होती. ती मोडायला २०२३ उजाडलं.

ओव्हरटाइमची गोम सहसा कुणी सांगत नाही. चाळीस तासांवर दीडपट देण्याच्या केंद्रीय कायद्यातून विमान कंपन्यांचे कर्मचारी वगळलेले आहेत. तिथे जे मिळतं ते कंपनीचं धोरण किंवा करार म्हणून. त्यामुळे फेडएक्सच्या ऑफर लेटरमध्ये ते वाक्य शोधा, असेलच असं धरून चालू नका.

आता ती विमानातली जागा

रेल्वेत नोकरी म्हणजे पास, एसटीत नोकरी म्हणजे पास, हे आपल्या डोक्यात पक्कं आहे. म्हणून मालवाहू विमान कंपनीचं नाव ऐकलं की तसंच वाटतं. पूर्णपणे चूक नाही ते.

मालवाहू विमानात प्रवाशांच्या रांगा नसतात. वैमानिकांच्या मागे मोजक्या खुर्च्या असतात, त्यांना जंपसीट म्हणतात. प्रवासी विमानाचे नियम न पाळता या विमानात कुणाला नेता येईल, याची यादी विमान वाहतूक नियमांत आहे. चालक दल आहे, सरकारी निरीक्षक आहे, जनावरं सांभाळणारा माणूस आहे, आणि 'कंपनीचा कर्मचारी'ही आहे. याच ओळीच्या जोरावर फेडएक्समध्ये साधे कर्मचारीही रात्रीच्या विमानात बसून गावी जात. ना हवाई सुंदरी, ना जेवण. मागे डबे, पुढे वैमानिक आणि मधे आपण.

त्या सोयीला पहिला तडा गेला ७ एप्रिल १९९४ रोजी. मेम्फिसहून सॅन होजेला निघालेल्या डीसी-१० मध्ये कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनियर जंपसीटवर बसला आणि गिटारच्या पेटीत हातोडे घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याची शिस्तभंगाची सुनावणी होती. त्याच्या हल्ल्यात जबर जखमी झालेल्या तिघा चालकांनी झटापट करत विमान परत मेम्फिसला उतरवलं. त्यानंतर ११ सप्टेंबर २००१ आलं आणि कॉकपिटचं दार सगळीकडेच कडक झालं. जुने लोक पार्टीत ज्या गोष्टी सांगतात त्या बहुतेक त्याआधीच्या. आज सॉर्टवरच्या नव्या मुलाने जंपसीटच्या आशेवर नोकरी घेऊ नये, असं मी म्हणेन.

दुसरी सोय म्हणजे इतर प्रवासी विमान कंपन्यांवर सवलतीचं तिकीट. कंपन्या आपसांत करार करतात आणि अंतराच्या टप्प्यानुसार भाडं ठरतं. ऐकायला झकास. पण हे तिकीट स्टँडबाय असतं, म्हणजे पैसे भरलेले सगळे बसल्यावर जागा उरली तर तुम्ही. ऑक्टोबरच्या मंगळवारी शिकागोला जायचं असेल तर ठीक. डिसेंबरात नूवार्कहून मुंबईला? दोन बॅगा, त्यात आजीसाठी घेतलेलं ब्लड प्रेशरचं मशीन, आणि गेटवर तिसऱ्या रात्रीही तुमचं नाव पुकारलं जात नाही, असं होऊ शकतं. शिवाय पार्सलांच्या धंद्यात डिसेंबर म्हणजे ऐन सीझन. जागा उरली तरी रजा कोण देणार?

करकायद्यात एक गोड तरतूद मात्र आहे. विमानप्रवासाच्या सवलतीपुरते आई-वडीलही कर्मचाऱ्याच्या कुटुंबात धरता येतात आणि सवलतीवर कर लागत नाही. कंपनीच्या नियमांत पालकांना जागा आहे का आणि अर्धवेळ माणसाला किती महिन्यांनी हक्क मिळतो, हे दोन प्रश्न एचआरला लेखी विचारा.

यूपीएसकडे सॉर्टवरच्या माणसाने विमानप्रवासाची अपेक्षाच ठेवू नये. वैमानिकांची गोष्ट वेगळी, ते सगळ्याच कंपन्यांचे एकमेकांच्या कॉकपिटमध्ये बसून ये-जा करतात.

गाडीवरचं नाव आणि पे-स्टबवरचं (पगाराच्या चिठ्ठीवरचं) नाव

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. फेडएक्सचा शर्ट, फेडएक्सची गाडी, आणि पगार कुठल्या तरी तिसऱ्याच एलएलसीचा. फेडएक्सचा 'ग्राउंड'चा, म्हणजे जमिनीवरून पार्सलं नेण्याचा धंदा १९९८ मध्ये विकत घेतलेल्या कंपनीतून आला आणि तिथे ड्रायव्हरांना 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणायची पद्धत होती. गाडीच्या पांढऱ्या रंगाची छटा कंपनी ठरवणार, आतल्या फळ्यांची मापं कंपनी ठरवणार, पण माणूस कंपनीचा नाही! २०१४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कॅलिफोर्निया आणि ओरेगनच्या खटल्यांत हे कर्मचारीच आहेत असं सांगितलं. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये २२.८ कोटी डॉलरवर तडजोड झाली, पुढच्या वर्षी २० राज्यांसाठी आणखी २४ कोटींवर.

आता ड्रायव्हर छोट्या कंत्राटदार कंपन्यांचे कर्मचारी असतात. १ जून २०२४ ला एक्स्प्रेस (विमानांचा मूळ धंदा) आणि ग्राउंड कागदावर एक झाले आणि बऱ्याच ठिकाणी एक्स्प्रेसचे मार्ग अशा कंत्राटदारांकडे जात आहेत. तिथे लागलात तर विमान नाही, युनियन नाही, आणि विमा असला तर त्या मालकाच्या मर्जीचा. अॅमेझॉनच्या निळ्या व्हॅनचंही असंच. डीएचएलचा प्रकार मजेशीर आहे. अमेरिकेत तिची विमानं दुसऱ्या कंपन्या उडवतात, म्हणून सिनसिनाटीच्या हबवरचे सुमारे १,१०० कामगार साध्या कायद्याखाली २०२३ मध्ये टीमस्टर्समध्ये गेले आणि त्याच डिसेंबरात संपावरही उतरले. विमानतळावर विमानाखाली उभं राहून!

फी, आणि उद्याचं

भाच्यासाठी खरा हिशेब फीचा होता. लुईव्हिलला १९९८ पासून मेट्रोपॉलिटन कॉलेज ही योजना आहे. वर्ल्डपोर्टवर (यूपीएसच्या तिथल्या हबवर) रात्रपाळी करा, लुईव्हिल विद्यापीठाची किंवा तिथल्या कम्युनिटी कॉलेजची फी भरली जाते. अट केंटकीचा रहिवासी असण्याची, आणि तो आहे टेनेसीचा. मेम्फिसला फेडएक्सची मेम्फिस विद्यापीठाबरोबर ऑनलाइन पदवीची योजना आहे, तिथे हा अडसर नाही. दोन्हीकडे काम सारखंच: रात्री अकराच्या सुमाराला विमानं उतरतात, पहाटे चारपर्यंत पाठीचा कणा वाजतो, आणि सकाळी नऊचं लेक्चर.

यूपीएसच्या बाबतीत एक सावधगिरी. २०२५ मध्ये कंपनीने सुमारे ४८,००० जागा कमी केल्याचं सांगितलं आणि अॅमेझॉनचं काम निम्म्याहून खाली आणायला घेतलं. युनियनमध्ये सगळं सीनियॉरिटीवर चालतं, म्हणजे कपात आली की शेवटी आलेला आधी बाहेर.

मी त्याला सांगितलं ते असं. दोन-तीन वर्षं काढायची, विमा हवा, पुढेमागे ड्रायव्हर व्हायची तयारी असेल, तर यूपीएस. ऑनलाइन पदवीच हवी आणि राज्य बदलायचं नाही, तर मेम्फिस, पण पे-स्टबवर फेडरल एक्स्प्रेस कॉर्पोरेशन असेल तरच. विमानासाठी म्हणून कुठेच नाही.

तो सध्या लुईव्हिलला खोलीचं भाडं किती पडतं ते बघतोय, केंटकीचा रहिवासी व्हायला काय काय लागतं तेही. डिसेंबरचं पुण्याचं तिकीट मी काढलं. पैसे भरून, कन्फर्म सीटचं.