जिंकलेले पैसे काढायला ‘आधी टॅक्स भरा’ म्हणत असतील, तर एक रुपयाही भरू नका

मोबाईलवरच्या गेममध्ये तुमच्या नावापुढे लाखभर रुपये दिसत असतील आणि ते बँकेत घ्यायच्या आधी कोणी टॅक्स भरायला सांगत असेल, तर जिथे आहात तिथेच थांबा. माझे चौऱ्याऐंशी हजार रुपये याच वाटेने गेले. मी नाशिकला सिडकोत राहते, घरी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. हे पैसे ओव्हरलॉक मशीनसाठी आणि मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवले होते. आमच्या ओळखीतल्या आणखी काही जणींचे पैसेही त्याच ठिकाणी अडकले आहेत आणि त्यातल्या निम्म्या अजून घरी बोललेल्या नाहीत. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवात हौजीपासून झाली. आमच्याकडे भिशीला, गणपतीत, नवरात्रात हौजी होतेच. दहा-वीस रुपयांचं तिकीट, जल्दी पाच, चार कोपरे, फुल हाउस. गेल्या नवरात्रात भिशीच्या ग्रुपवर एका वहिनींनी लिंक टाकली, ‘मोबाईलवरची हौजी, घरबसल्या खेळा’. त्यांना लिंकवरून येणाऱ्या प्रत्येकीमागे शंभर रुपये मिळत होते. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचे स्वतःचे पैसे माझ्यापेक्षा जास्त गेलेत.

तो गेम हौजी नव्हता. पाच बाय पाचचा चौकोन, त्यात पंचवीस आकडे, आणि खाली कसिनोच्या मशीनसारखी फिरणारी पाच चाकं. बटण दाबलं की प्रत्येक चाकावर एक आकडा येतो. तो त्या चाकाच्या वरच्या उभ्या रांगेत असला की घर रंगतं. आडवी, उभी किंवा तिरकी ओळ पूर्ण झाली की बक्षीस. मधेच जोकर येतो, मग त्या रांगेतलं हवं ते घर रंगवायचं. मागाहून पुतणीने शोधून सांगितलं की असा खेळ खरोखरच आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात तो निघाला, स्लिंगो नावाने, आणि एओएल या इंटरनेट सेवेवर लोक तो गुणांसाठी खेळायचे. पुढे परदेशातल्या परवानाधारक कसिनो साइटवर तो पैशांवरही आला. तिथे आकडे कसे निघतात याची बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासणी होते, आणि तरीही दीर्घकाळात फायदा खेळ चालवणाऱ्याचाच होतो. आमच्या हातात आलेलं ॲप ही त्याची कोणीतरी केलेली नक्कल होती. मूळ खेळवाल्यांचा याच्याशी काही संबंध नाही. प्ले स्टोअरवर हे ॲप नव्हतंच, लिंकवरून एपीके फाइल उतरवायला लावली होती. फोन ‘अनोळखी ॲप’ अशी सूचना देतो, ती कशी बंद करायची याचा व्हिडिओसुद्धा त्यांनीच पाठवला होता.

पहिल्यांदा दोनशे रुपये भरले, त्याचे साडेतीनशे झाले. काढायला टाकले तर पंधरा मिनिटांत खरोखर बँकेत जमा झाले. बँकेचा मेसेज आला, पासबुकात नोंद आहे. ही त्यांची सगळ्यात महत्त्वाची चाल आहे हे नीट लक्षात घ्या. आमच्या ग्रुपवर प्रत्येकीला पहिले छोटे पैसे मिळाले होते, प्रत्येकीने त्याचा स्क्रीनशॉट टाकला होता, आणि ते पाहून पुढच्या दोघी आल्या. गळाला आमिष लावावं तसे ते साडेतीनशे रुपये त्यांनी खर्चात धरलेले असतात.

मग गेम बदलतो. ठरलेल्या फिरक्या संपतात तेव्हा एखादी ओळ बरोबर एका घरावाचून अडलेली असते. माझ्या मधल्या रांगेत त्रेचाळीस राहिला होता. तो आला असता तर आडवी आणि तिरकी अशा दोन्ही ओळी एकदम झाल्या असत्या. तिथे बटण येतं, ‘आणखी एक फिरकी घ्या’. आधी जी फिरकी वीस रुपयांना होती ती या वेळी एकशे ऐंशीला. घेतली तर बेचाळीस आला. पुन्हा घेतली तर चव्वेचाळीस. त्रेचाळीसच्या अगदी दारात येऊन चाक थांबायचं. जादा फिरकी विकायची आणि चौकोन जितका भरत येईल तितका तिचा भाव वाढवायचा, हा प्रकार परदेशातल्या त्या पैशांवरच्या खेळातही आहे. पण तिथे चाकावर कोणाचा हात नसतो. इथे कुठला आकडा आणायचा ते त्यांच्याच सर्व्हरवर ठरतं आणि तपासायला कोणी नाही. पाचशे, हजार, दोन हजार असं भरत माझे साडेआठ हजारांच्या वर गेले.

आणि मग एका रात्री जॅकपॉट लागला. पूर्ण चौकोन रंगला, फटाके उडाले, वॉलेटमध्ये १,८४,६०० रुपये. हा जॅकपॉट नशिबाने लागत नाही, लावला जातो. ग्रुपमधल्या बाकीच्या जणींशी बोलल्यावर कळलं की तो प्रत्येकीला लागला होता, आणि तोही तेव्हाच, जेव्हा तिने आता पैसे भरणं बंद करते असं ॲपच्या ‘सपोर्ट’ला कळवलं होतं.

पैसे काढायचं बटण दाबलं तर सपोर्टची चॅट उघडली. समोरचा हिंदीत, अतिशय आदराने बोलणारा. अभिनंदन मॅडम, सरकारी नियमाप्रमाणे तीस टक्के टीडीएस भरावा लागेल, ५५,३८० रुपये, भरताच अर्ध्या तासात पूर्ण रक्कम खात्यात. सोबत अशोकस्तंभाचं चित्र आणि शिक्का असलेलं पत्र. मी विचारलं, वॉलेटमधूनच कापून घ्या ना. उत्तर आलं, सिस्टिममध्ये ती सोय नाही, टॅक्स वेगळा भरावा लागतो. वर हेही, की सरकारने नवा कायदा केलाय, सगळे गेम बंद होणार आहेत, आज रात्री बारापर्यंत काढले नाहीत तर रक्कम सरकारजमा होईल. पंचावन्न हजार दोन हप्त्यांत गेले, दोन वेगवेगळ्या क्यूआर कोडवर. एकावर कुठल्याशा स्टेशनरी दुकानाचं नाव होतं, दुसऱ्यावर एका बाईचं. नंतर सांगितलं, तुमच्या बँकेतल्या आणि ॲपमधल्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही, वीस हजार अनामत भरा, ती लगेच परत मिळेल. त्यासाठी तिसरंच नाव. तेही झाल्यावर आला जीएसटी, अठ्ठावीस टक्के, ५१,६८८ रुपये.

तेवढे पैसे घरात नव्हते म्हणून मी पुतणीला फोन केला. ती सीएची आर्टिकलशिप करते. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “काकू, यांनी तुझा पॅन नंबर मागितला का गं?”

पॅन कोणी मागितलाच नव्हता.

तिने जे समजावलं ते मी तिच्याच शब्दांत देते, कारण याच्याइतकं उपयोगी या सगळ्यात दुसरं काही नाही. ती म्हणाली, “टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने देतानाच कापून घ्यायचा कर. ऑनलाइन गेमच्या जिंकलेल्या रकमेवर तीस टक्क्यांचा नियम एप्रिल २०२३ पासून आहे. पण तो गेमवाला कापतो, तुझ्या पॅनवर सरकारकडे भरतो, आणि प्राप्तिकर खात्याकडच्या तुझ्या करनोंदीत तो दिसतो. रोख पैसे जिंकणाऱ्याने आपल्या खिशातून आधी भरायचा असतो असं कुठेच नाही. पॅनशिवाय तो तुझ्या नावावर जमा कसा होणार? आणि सरकारचा कर कोणा बाईच्या क्यूआरवर कधी जातो का? जीएसटी तर गेममध्ये भरलेल्या रकमेवर लागायचा, जिंकलेल्या रकमेवर नाही.” एवढं बोलून तिने मला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर डायल करायला लावला.

त्या कायद्याबद्दलही लिहायला हवं, कारण चोरांनी सगळ्यात जास्त वापर त्याचाच केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो फसवला गेलेला माणूस आहे असंच सरकारनेही सांगितलं आहे. मी जीएसटी भरणार नाही म्हटल्यावर त्या गोड बोलणाऱ्याने काय लिहिलं, तर “पोलिसांत गेलात तर जुगार खेळल्याबद्दल तुम्हीच आत जाल, घरच्यांना नोटीस येईल.” हे धादांत खोटं आहे. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू निव्वळ या वाक्याला घाबरून महिनाभर गप्प बसल्या. त्यांच्या यजमानांना बीपीचा त्रास आहे, घरात कळलं तर काय होईल या धास्तीने त्यांनी सोन्याची बांगडी मोडून पुढचा ‘टॅक्स’ भरला. मला या माणसांचा सर्वांत जास्त राग येतो तो इथे. बाईमाणूस घरी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी पोलिसांपर्यंत जाणार नाही, हे धरूनच त्यांनी सगळं बेतलेलं आहे.

आमच्या घरी मी सांगितलं तेव्हा हे अंबडच्या कंपनीतून दुसरी पाळी करून आले होते. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पाणी प्यायलं आणि म्हणाले, कागद गोळा कर, उद्या सुट्टी टाकतो. सकाळी आम्ही दोघं मिळून गेलो.

आता तक्रारीचं. १९३० हा फोन नंबर राष्ट्रीय हेल्पलाइनचा आहे आणि पोर्टल आहे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, कारण पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते काही तासांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवले जातात. तक्रार नोंदली की त्या त्या बँकेला सूचना जाते आणि मधे कुठे रक्कम शिल्लक असेल तर ती रोखली जाते. माझी सर्वांत शेवटची वीस हजारांची रक्कम, तिच्यातले बारा हजार असे रोखले गेले आहेत. त्याआधीचे पंचावन्न हजार दोन दिवस जुने होते, त्यांचा माग एटीएमपर्यंत लागला आणि तिथे संपला. रोखलेले पैसेही लगेच हातात येत नाहीत, त्याची पुढची प्रक्रिया असते, पण निदान ते चोरांच्या हातात नाहीत.

फोनवर आणि नंतर पोलिस ठाण्यात त्यांना काय लागलं, तर प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, कुठल्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, तारीख-वेळ, बँकेचं स्टेटमेंट, चॅटचे स्क्रीनशॉट, ती लिंक आणि लिंक पाठवणाऱ्या ग्रुपची माहिती. म्हणून रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका, ॲपही लगेच काढू नका. आधी सगळे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवा, मग काढा. काढल्यावर यूपीआय पिन बदला, बँकेत जाऊन सांगा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेज, कॉन्टॅक्ट, ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची आणि चालवायची मुभा) यांची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते बघा. या ॲपने कॉन्टॅक्टची परवानगी घेतली होती. नंतर माझ्या दोन गिऱ्हाइकांना माझ्या नावाने तीच लिंक गेली.

तक्रारीनंतर आणखी दोन गोष्टी घडल्या आणि त्या मूळ फसवणुकीपेक्षा कमी धोक्याच्या नाहीत.

एक म्हणजे सपोर्टवाल्याने नवीन प्रस्ताव दिला. गेलेले पैसे भरून काढायचे असतील तर ‘एजंट’ व्हा, तुमच्या बँक खात्यात आम्ही रोज पैसे टाकू, ते पुढे पाठवायचे, दर लाखाला दोन हजार कमिशन. हे ऐकून मला त्या स्टेशनरी दुकानाचा आणि त्या बाईच्या क्यूआरचा अर्थ लागला. तीही कदाचित अशीच कोणीतरी असेल. असं खातं वापरायला दिलं की पोलिसांच्या लेखी चोरीचा पैसा तुमच्याकडे आलेला असतो. खातं गोठतं आणि गुन्ह्यात तुमचं नाव येतं. कॉलेजच्या मुलांना, कंपनीतल्या कंत्राटी पोरांना हेच काम ‘पार्टटाइम’ म्हणून सांगितलं जातं. घरात कोणी तरुण असेल तर त्याला हे आजच सांगा.

दुसरं म्हणजे, आठवड्याभराने मराठीत बोलणाऱ्या एका माणसाचा फोन आला. मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला दहा टक्के फी ऑनलाइन भरा. त्याला माझं नाव, रक्कम, ॲपचं नाव सगळं ठाऊक होतं. ठाऊक असणारच, ती माहिती त्यांच्याच चोपडीत होती. पोलिस पैसे सोडवायला फी घेत नाहीत. त्याचा नंबर मी तक्रारीत जोडला आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची तक्रारीची सोय आहे, तिथेही नोंदवला.

तोच गेम आता वेगळ्या नावाने आणि हिरव्या चिन्हाने परत आला आहे. पाथर्डी फाटा आणि इंदिरानगरच्या बायकांच्या ग्रुपवर त्याची लिंक आलेली मी स्वतः पाहिली. ‘पहिल्या दोनशेवर शंभर रुपये बोनस’ असा मजकूर आहे आणि खाली हौजीच्या तिकिटाचं चित्र. तुमच्या ग्रुपवर आली तर उघडू नका, स्क्रीनशॉट काढून ॲडमिनला ती पुसायला सांगा. आणि तुमच्या वॉलेटमध्ये आधीच अशी रक्कम अडकली असेल, तर ती रक्कम कधी नव्हतीच असं समजून तुम्ही खरोखर भरलेल्या पैशांची तक्रार करा, १९३० वर, आज.