खाज गेली, गजकर्ण राहिलं

वडगावात आमचे चार पॉवरलूम आहेत. पावसाळ्यात बेळगावात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. धुतलेली पॅन्ट दोरीवर अर्धी ओली असते, तीच घालून मागावर दहा तास उभं राहायचं. गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या जांघेत रुपयाएवढा चट्टा उठला. कडेला लाल, मधे कोरडा, आणि रात्री झोपू देणार नाही अशी खाज. आई म्हणाली गजकर्ण. मागावरचा कन्नड पोरगा म्हणाला हुळुकड्डी. रोग ओळखण्यात कुणाची चूक नव्हती.

असल्या जागेचं दुखणं दाखवायला लाज वाटते. डॉक्टरकडे न जाता मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलात गेलो. नाव घेत नाही, माणूस लहानपणापासूनच्या ओळखीचा. गिऱ्हाईक कमी झाल्यावर हळूच सांगितलं. त्यानं काही बघितलं नाही, चिठ्ठी विचारली नाही. मागच्या फळीवरून एक ट्यूब काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळली. "ऑल-इन-वन आहे बगा. तीन दिवसात खाज बंद, नाही झाली तर पैसे परत."

खाज दुसऱ्याच दिवशी बंद झाली. आठवड्यात लाली गेली. मी त्याचं कौतुक चार जणांना सांगितलं, त्यातले दोघं त्याच्याकडून ट्यूब घेऊन आले. हे लिहायला आज जड जातंय.

ट्यूब संपली आणि पाचव्या दिवशी चट्टा परत आला, या वेळी तळहाताएवढा. परत ट्यूब, परत आराम, परत चट्टा. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "तुमचं गजकर्ण जुनं झालंय ओ, जरा भारीतलं देतो." भारीतलं म्हणजे वेगळ्या नावाचं, चाळीस रुपये जास्तीचं. सात महिन्यांत अकरा ट्यूबा झाल्या. बिल एकदाही नाही, आणि मीही मागितलं नाही. तोवर चट्टे कमरेवर गेले, बायकोच्या पोटावर उठले, धाकट्याच्या मानेवर उठले. माझ्या चट्ट्यांचा तर आकारच बिघडला होता. गोल कडा पुसट झालेल्या, एका वर्तुळात दुसरं वर्तुळ. आई म्हणाली, हे गजकर्णासारखं दिसत नाही.

शेवटी संक्रांतीनंतर चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी आधी विचारलं, "काय लावत होता ते आणलंय?" मी खोक्यासकट ट्यूब टेबलावर ठेवली. त्यांनी खोकं फिरवलं आणि किमतीच्या स्टिकरवर बोट ठेवलं. म्हणाल्या, हे काढा. मी नखानं खरवडलं. स्टिकर चिवट होता, तुकड्यातुकड्यानं निघाला. खाली लाल चौकट होती. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असं त्यात इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेलं. घरी येऊन उरलेली दोन खोकी बघितली. दोन्हींवर स्टिकर नेमका तिथंच. एका खोक्यावर हात चुकला असं म्हणता आलं असतं.

मग त्यांनी घटक वाचले. क्लोबेटासॉल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. बुरशीवरचं त्यात एकच, टर्बिनाफिन. ओफ्लॉक्सासिन जिवाणूंवरचं. ऑर्निडाझोल अमिबासारख्या जंतूंवर देतात, त्याचं जांघेत काय काम? आणि क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड, तेही सगळ्यात जहाल गटातलं. सोरायसिससारख्या रोगात देतात, पण सलग दोन आठवड्यांच्या वर नाही. मी सात महिने लावलं, तेही जांघेत, जिथं कातडी पातळ आणि घडीतली असल्यानं औषध जास्त मुरतं.

लाली आणि खाज म्हणजे आपलं शरीर बुरशीशी भांडत असतं. स्टिरॉइड ते भांडण थांबवतं, म्हणून बरं वाटतं. तेवढ्यात बुरशी खाली पसरते. ट्यूब थांबवली की सगळं दुप्पट जोरानं वर येतं. मी विचारलं, मग बुरशीच्या औषधात स्टिरॉइड घालतातच कशाला? त्या म्हणाल्या, चट्टा फार सुजला आणि भडकला असेल तर हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टिरॉइड असलेलं मलम आम्हीही थोडे दिवस देतो, आठवडाभर फार तर, आणि पुढे नुसतं बुरशीचं औषध चालू ठेवतो. त्या सौम्यात आणि या ट्यूबेतल्या जहालात जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय 2018 साली केंद्र सरकारनं आणखी 14 स्टिरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली, तरी काउंटरवर काही फरक पडला नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तुमच्याही ट्यूबेवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं काही दिसलं आणि कुणा डॉक्टरनं ते लिहून दिलेलं नसेल, तर तसंच लावत बसू नका, चामडीच्या डॉक्टरला दाखवा.

कातडी खरवडून काचेवर घेतली, पोटॅश टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. बुरशी होतीच. इट्राकोनाझोलच्या गोळ्या आणि साधं मलम सुरू झालं. मलम चट्ट्याच्या कडेपासून दोन बोटं बाहेरपर्यंत लावायचं. पहिले पंधरा दिवस भडका उडेल, घाबरून जुनी ट्यूब लावू नका, असं बजावून सांगितलं होतं. उडालाच. बायको आणि पोराचे उपचार माझ्याबरोबरच चालू केले, नाहीतर एकाचं दुसऱ्याला फिरत राहतं. टॉवेल वेगवेगळे, कपडे गरम पाण्यात, ऊन नसेल तर शिवणीवरून इस्त्री. तीन महिने लागले.

गजकर्ण गेलं. जांघेत बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ उरलेत. आधी जांभळे होते, आता पांढरट पडतायत. पुसट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

एप्रिलमध्ये खरवडलेलं खोकं घेऊन दुकानात गेलो. बिल नसल्यानं तो हे खोकं माझ्याकडचं नाहीच म्हणेल, असं वाटलं होतं. तो तसं काही म्हणाला नाही. खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पण खाज गेली होती की नाही ओ?"

गेली होती. मला तिथं बोलता आलं नाही.