पाऊण तास माझा, कन्सोल तीन

रात्री साडेदहा ते सव्वाअकरा, एवढाच वेळ माझा स्वतःचा. त्यामुळे कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, जोखायचं माझं माप साधं आहे: सोफ्यावर टेकल्यापासून गेममधली पहिली उडी मारेपर्यंत किती वेळ गेला? टेराफ्लॉप्सचं, म्हणजे यंत्राच्या ताकदीच्या आकड्यांचं, नंतर बघू. घरात सध्या तीन डबे आहेत. निन्टेन्डोचा स्विच माझा, प्लेस्टेशन ५ नवऱ्याचा, आणि एक्सबॉक्स सिरीज एस भाच्याचा, परीक्षा होईपर्यंत बहिणीनं जप्त करून आमच्याकडे ठेवलेला.

माझ्या मापानं सिरीज एस पहिला. त्यातल्या क्विक रिझ्यूममुळे काल जिथे सोडला तिथूनच गेम सुरू होतो, गाडी त्याच वळणावर उभी. मधे दुसरा गेम खेळला असला किंवा प्लग काढला असला तरी बहुतेक वेळा चालतं. ऑनलाइन गेमना मात्र हे जमत नाही. रडगाणं जागेचं. ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये गेमच्या वाट्याला ३६४ जीबी येतात. शंभरेक जीबीचे तीन गेम टाकले की चौथ्यासाठी कुणाला तरी घराबाहेर काढायचं. डिस्क घालायला फटही नाही, म्हणजे मैत्रिणीकडून डिस्क आणून खेळणं बाद. कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात.

प्लेस्टेशन ५ चं कौतुक मला कंट्रोलर हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं. कन्सोलमध्ये आधीपासूनच असलेला 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' हा गेम लावला. तो छोटा रोबो वाळूवरून चालला की तळहातात खरखर जाणवते, काचेवरून चालला की टकटक. नुसतं थरथरणं नाही, जमीन बदलल्याचं कळतं. स्प्रिंगच्या पोशाखात उडी मारायला ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरचं बोटाखालचं बटण, दाबला, तर तो बोटाला उलट रेटतो. खरंच स्प्रिंग दाबतोय असं वाटतं. मी एकटीच हसत बसले होते. पण सगळे गेम त्या ट्रिगरचा असा उपयोग करत नाहीत. काहींना तो आहे याचा पत्ताच नसावा.

अपडेटबद्दल मात्र बोलायलाच हवं. एका रात्री मोठ्या हौसेनं नवा गेम उघडला, पट्टी तीन टक्क्यांवर आली आणि मी झोपून गेले. कुठल्या कन्सोलवर ते सांगत नाही; हा रोग कमीअधिक सगळ्यांनाच आहे.

आता स्विच. २०१७ चं यंत्र, टीव्हीशिवाय हातात धरलं की पडदा ७२०पी, म्हणजे चित्रात बारकावा कमी, आणि 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३०च चित्रं. प्लेस्टेशनवरून उठून याच्यावर बसलं की पहिली दहा मिनिटं डोळ्यांना खुपतं. पुढे एखाद्या डोंगरावर चढताना पाऊस सुरू होतो, हात निसटायला लागतात, आणि फ्रेम मोजायचं राहून जातं. शिवाय टीव्हीवर मॅच चालू असली तरी माझं अडत नाही.

पण स्विच मला खरा आवडतो तो सासूबाईंमुळे. दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन, म्हणजे पडद्याला जोडलेले छोटे कंट्रोलर, काढून आडवे धरले की दोघांचे दोन कंट्रोलर तयार, वेगळं काही विकत आणायला नको. 'मारिओ कार्ट ८ डीलक्स'मध्ये स्मार्ट स्टिअरिंग चालू केलं की गाडी रस्त्याबाहेर पडत नाही, वेगही आपोआप धरता येतो. सासूबाई तरीही वळणावर अख्ख्या अंगानं झुकतात. परवा बारा गाड्यांत त्यांचा नववा नंबर आला. "अगं, तो मागचा कोण मला सारखा ठोकत होता?" तो मागचा म्हणजे मी.

(जाता जाता: स्विचच्या कार्ट्रिजला, म्हणजे गेम असलेल्या छोट्या कार्डाला, मुद्दाम कडू लेप असतो, लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून. "मावशी, एकदा चाटून तर बघ," असं भाचा म्हणाला. मी बघितलं. दात घासूनही चव गेली नाही.)

एकटे खेळणार आणि टीव्ही चांगला असेल तर प्लेस्टेशन घ्या. वेळ तुटपुंजा, गेम बरेच, तर सिरीज एस. भाच्याची परीक्षा संपली की तो जाईल, प्लेस्टेशनवर नवऱ्याचा ताबा आहेच. स्विचचं म्हणाल, तर साडेदहाचा माझा वेळ हल्ली दहालाच सुरू होतो, कारण सासूबाई दोन्ही जॉय-कॉन काढून तयार बसलेल्या असतात.