इंडॅकाटेरॉल-ग्लायकोपायरोनियम इनहेलर: फुप्फुसासाठी घेतला, हृदयालाही फायदा

बाबांना सीओपीडी (श्वासनलिका-फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार) आहे, त्यांना हा कॅप्सूलवाला इनहेलर दिलाय. दिवसातून एकदाच घ्यायचा, त्यामुळे विसरत नाहीत. ओढताना आत कॅप्सूल घरघरते, मग उघडून बघायचं पावडर उरलीय का, उरली असेल तर परत ओढायचं.

पण मी लिहितेय ते हृदयासाठी. या आजारात हवा फुप्फुसात अडकून छाती फुगते आणि मधल्या हृदयाला नीट भरायलाच जागा राहत नाही, म्हणजे पंप धडधाकट असला तरी त्यात रक्तच कमी येतं. २०१८ मध्ये क्लेम नावाचा अभ्यास आला, त्यात फुगलेल्या फुप्फुसांच्या पण हार्ट फेल्युअर नसलेल्या पेशंटना हीच दोन औषधं दिली तर १४ दिवसांत एमआरआयवर हृदयाचा डावा कप्पा जास्त भरताना दिसला, हे वाचून खूप धीर आला. अर्थात हा इनहेलर म्हणजे हृदयाचं औषध नव्हे, हृदयाची गोळी चालू असेल तर ती बंद करायची नाही.

तोंड कोरडं पडतं. काचबिंदू, लघवी अडणं किंवा ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. अचानक दम लागला तर हा चालत नाही, त्यासाठीचा वेगळा इनहेलर जवळ हवाच. आणि कॅप्सूल गिळायची नाही हो, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.