आक्काच्या फोटोखाली दुसऱ्याचाच क्यूआर कोड

कोल्हापूर, कागल, इचलकरंजी भागातल्या ग्रुपवर 'दोन लेकरांच्या आईला वाचवा' असं पोस्टर फिरतंय. फोटोत डोक्यावरचे केस गेलेली, हाताला सलाइन लावलेली बाई आहे. ती माझी थोरली बहीण. आजार खरा, फोटो खरा, बाजूला चिकटवलेलं रिपोर्टचं पानही खरं. खोटा आहे तो खालचा क्यूआर कोड. त्यावर लोकांनी भरलेल्या पैशांतले दहा हजार सोडले तर आक्काला काही मिळालेलं नाही.

तो कोड चिकटवणारा माणूस परत कुणाच्या तरी नातेवाइकाला गाठणार, म्हणून तो काय बोलतो आणि कुठल्या क्रमाने बोलतो ते नीट लिहितोय.

आक्काला स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. पहिल्या चार सायकल त्या लाल औषधाच्या, दर 21 दिवसांनी. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ठाऊक आहे, सलाइन संपलं की त्रास संपत नाही. पुढचा आठवडा उलट्या, तोंडात फोड, मग पांढऱ्या पेशींचा काउंट खाली, आणि काउंट आला नाही की सायकल पुढे ढकलली. दाजी शिरोलीच्या फौंड्रीत हजेरीवर. आक्काजवळ बसायचं तर खाडा, खाडा झाला तर पगार नाही. ऑपरेशन आणि केमो सरकारच्या फुकट उपचाराच्या महात्मा फुले योजनेत बसले होते. तरी रिक्षा, बाहेरच्या तपासण्या, अंडी-दूध-फळं, पोरांच्या फिया, हे कुठल्या योजनेत बसतं?

दवाखान्यातल्या मेडिकलच्या रांगेत हा माणूस दाजींना भेटला. गळ्यात ओळखपत्र, काखेत फायली, बोलणं अगदी मायेचं. स्वतःला समाजसेवक म्हणवायचा. आधी त्याने पैशाचं नावच काढलं नाही. कितवी सायकल, काउंट किती, उलट्या थांबल्या का, असली विचारपूस केली. महिनोन्महिने दाजींना असं कुणी विचारलंच नव्हतं. सगळे आक्काचं विचारायचे, जे बरोबरच आहे, पण तिच्यासाठी पळणाऱ्या माणसाला जेवलास का म्हणून कोण विचारतो? तो भाव त्याने बरोबर हेरला.

मग पहिली थाप. "योजनेचे दीड लाख तुमचे संपले की. राहिलेल्या सायकली आता रोखीने." ही थाप पटते, कारण 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावाने योजना आली तेव्हा मर्यादा दीड लाखाचीच होती आणि लोकांच्या डोक्यात तोच आकडा बसलाय. आता ती कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहे. किती वापरले, किती शिल्लक आहेत हे योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात बसणारा आरोग्यमित्र सांगतो, तेही फुकट. 155388 हा योजनेचा हेल्पलाइन नंबर आहे, तिथेही विचारता येतं. पण घाबरलेल्या माणसाला समोरचा कागद दाखवून सांगतोय म्हटल्यावर दुसरीकडे विचारायचं सुचत नाही.

दुसरी गोष्ट, मुख्यमंत्री सहायता निधीची फाइल करून देतो म्हणून चार हजार घेतले. त्या अर्जाला फी नसते, आणि मंजूर झालेली रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यावर जाते, मधल्या माणसाच्या हातात येत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात आता त्याचा कक्षही आहे. पुढे टाटा हॉस्पिटलला दाखवायला मुंबईला जायचं ठरलं तर हा रेल्वेचा पास काढून द्यायचे वेगळे पैसे मागायला लागला. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के. दवाखान्याने फॉर्म भरून सही-शिक्का दिला की झालं. थोडक्यात, जे जे फुकट मिळतं तेवढंच त्याच्या दुकानात विकायला होतं.

आणि तिसरं, पोस्टर. एका देवीच्या नावाचं फाउंडेशन सांगून म्हणाला, आम्ही आवाहन करतो, लोक भरभरून देतात. फक्त फोटो असा पाहिजे की बघणाऱ्याला गलबलून आलं पाहिजे. आधीचा, साडीतला, हसरा फोटो त्याने परत पाठवला. केस गेलेला, बेडवरचा मागितला. दाजींनी आक्का झोपलेली असताना काढून दिला. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट.

चार दिवसांत दाजींच्या खात्यावर दहा हजार आले. इथेच सगळे फसतात, कारण पैसे खरोखर आले. आमच्या घरात त्या रात्री किती दिवसांनी कुणीतरी हसलं. दहा हजार कुठून आले हे नंतर कळलं. लोकांनी दिलेल्यातलेच ते, थोडेसे चुन्यासारखे बोटावर लावलेले.

मग फोन. एक लाख ऐंशी हजार जमलेत, पण 80जीची फाइल आणि जीएसटी भरल्याशिवाय ट्रस्टला सोडता येत नाहीत, 12,400 भरा. दाजींनी भिशी उचलून भरले. 80जी ही देणगी देणाऱ्याला मिळणारी इन्कम टॅक्सची सवलत आहे, पेशंटचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. आणि देणगीचे पैसे सोडवायला पैसे भरायचे असतात हे कुठल्याही कायद्यात नाही. भरल्यावर आणखी एक चार्ज निघाला. मग आणखी एक.

उघडकीला आणलं ते आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीच्या एका मित्राने. पाचशे पाठवायला म्हणून त्याने कोड स्कॅन केला आणि पैसे टाकायच्या आधी मला फोन लावला. "भावा, हे नाव कुणाचं रं? आक्काचं न्हाई, दाजींचं न्हाई, फाउंडेशनचं पण न्हाई." स्कॅन केल्यावर रकमेच्या वर जे नाव येतं ते खातेदाराचं असतं. शेकडो लोकांच्या डोळ्यांसमोर ते आलं असणार. पण आपण रक्कम बघतो, नाव कोण वाचतो?

मित्र पडला मंडळाचा खजिनदार. गणपतीच्या वर्गणीसाठी दरवर्षी धर्मादाय कार्यालयाकडून 41 क कलमाची परवानगी काढणारा. त्याने त्या माणसाला फोन लावून सरळ विचारलं, ट्रस्टचा नोंदणी नंबर सांगा, आणि पैसे गोळा करताय त्याचा 41 कचा कागद पाठवा. "ते नाव आमच्या खजिनदाराचं आहे, कागद पाठवतो" म्हणाला. त्यानंतर फोन बंद.

पैसे गेले त्याचं मी धरून बसत नाही. आक्काचं जे झालं ते मला अजून गिळता येत नाही. हे पोस्टर तिच्याच बचत गटाच्या ग्रुपवर फिरत फिरत आलं. केस गेल्यापासून ती शेजारणींसमोरही ओढणीशिवाय येत नव्हती, आणि तिचा तो फोटो ज्याला त्याला दिसत होता. दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "माझं तोंड इकलं की रं त्यानं." दुसऱ्या दिवशी पोरीची रफ वही घेऊन बसली. कुणाकुणाचा 'पाठवले गं' म्हणून मेसेज आला होता त्यांची नावं, पुढे रक्कम. दूधवाल्याचे 200, शिवणाच्या गिऱ्हाइकांचे, शाळेतल्या बाईंचे. बरी झाल्यावर फेडायचे म्हणे. त्या दहा हजारांपलीकडे एक रुपया न मिळता ती एवढ्यांची देणेकरी झाली होती.

लोकांचंही वागणं बदललं. दाजींच्या एका चुलत्याने तोंडावर विचारलं, एवढे लाख जमले तर रिक्षाचं भाडं कशाला मागताय? त्यांना खोटं तरी कसं म्हणणार, पोस्टरवर 'आतापर्यंत जमा' असा आकडा रोज वाढवला जात होता. जे देणार होते ते थांबले. जे देऊन बसले होते ते दुसऱ्यांदा कशाला देतील?

यावर तोड आक्कानेच काढली. आम्ही सगळे खुलासा कसा लिहायचा यावर वाद घालत होतो, तोवर तिने स्वतःच्या आवाजात एक मेसेज करून सगळीकडे टाकला. मी जिवंत आहे, उपचार चालू आहेत, तो कोड माझा नाही, कुणी पैसे टाकू नका, फोटो पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी दिले त्यांचे आभार. आवाज बसलेला होता, पण शब्द ठणठणीत. त्यानंतर घरात नियम झाला. तिचा फोटो, रिपोर्ट, आजाराची बातमी, काहीही बाहेर द्यायचं तर आधी तिला विचारायचं. हा नियम पहिल्या दिवसापासून पाहिजे होता असं ती दाजींना चिडवत म्हणते, आणि दाजी मान खाली घालतात. आता मदत घ्यायची तर तिच्या स्वतःच्या खात्यावर किंवा दवाखान्याच्या बिलात परस्पर. तालमीची पोरं डब्याच्या पाळ्या लावतात, एक शेजारीण केमोच्या दिवशी पोरं सांभाळते. खरं सांगायचं तर याचा आधार पैशाहून मोठा झालाय.

तक्रार 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंदवली, दाजींच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. काही रक्कम एका खात्यात गोठवली आहे असं कळलंय, हातात अजून काही नाही. आमच्या तक्रारीत फक्त दाजींनी भरलेले पैसे आहेत. बाकीच्या पैशांचे फिर्यादी तुम्ही, ज्यांनी त्या कोडवर पाठवले ते. पाचशे असोत की पन्नास, तुमच्या ॲपमध्ये त्या व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर असेल, तो आणि स्कॅन केल्यावर आलेलं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन 1930 ला फोन करा. एकाच खात्यावर जितक्या जास्त तक्रारी पडतील तितकं ते गोठवलेलं खातं सोडवून घ्यायला त्याला अवघड जाईल. पोस्टर तुमच्याकडे आलं असेल तर ते डिलीट करायच्या आधी कुणी पाठवलं त्याला कळवा. आणि आक्काला 'पाठवले होते गं' असा मेसेज करू नका, ती परत वही काढून बसते.