बेकर सिटीचं ओरेगन ट्रेल सेंटर: आईवडिलांना घेऊन जावं अशी जागा

आई आणि आप्पा यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे आयडाहोतल्या बॉइसीला आले. यलोस्टोन झालं, धबधबे झाले, मॉल तर दोन दिवसांत नकोसे झाले, आणि मग एका सकाळी चहा पिताना आप्पा म्हणाले, "डोंगर नि पाणी बघून झालं रं, हितल्या शेतकऱ्याची जुनी गाडी, जुनी अवजारं कुठं बघाय मिळत्यात का?" आप्पांनी माण तालुक्यात चाळीस वर्षं बैलगाडी हाकलीये. मला लगेच शेजारच्या ओरेगन राज्यातल्या बेकर सिटीजवळची फ्लॅगस्टाफ हिल आणि तिच्यावरचं ओरेगन ट्रेल सेंटर आठवलं. मुलीच्या चौथीच्या अभ्यासात आयडाहोचा इतिहास होता तेव्हा आम्ही जाऊ जाऊ म्हणत राहून गेलो होतो, सेंटर तेव्हा नूतनीकरणासाठी बंदही होतं, २०२४ मध्ये परत उघडलं. तर शनिवारी सकाळी निघालो आणि आता इथल्या आपल्या लोकांसाठी सविस्तर लिहितोय, कारण मराठीत याबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

पूर्ण नाव नॅशनल हिस्टॉरिक ओरेगन ट्रेल इंटरप्रिटिव्ह सेंटर. १९९२ मध्ये सुरू झालं, चालवतं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे केंद्र सरकारचं जमिनींचं खातं. बॉइसीहून आय-८४ ने साधारण सव्वाशे मैल, एक्झिट ३०२ ला उतरून हायवे ८६ वर पाचेक मैल गेलं की डाव्या हाताला उघड्याबोडक्या टेकडीवर बिल्डिंग दिसते. वाटेत टाइम झोन बदलतो, घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे लवकर पोचल्यासारखं वाटतं पण परत येताना तो तास द्यावा लागतो हे धरून चाला. नॅशनल पार्कचा वर्षाचा पास असेल तर तोच इथं चालतो. वेळा सीझनप्रमाणे बदलतात, निघायच्या आधी बघून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावापासून ओरेगन सिटीपर्यंत २,००० मैलांहून जास्त लांबीची ही गाडीवाट. १८४३ साली एका तांड्यात जवळपास १,००० माणसं निघाली आणि तिथून पुढे लोंढाच लागला, ओरेगन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे जाणाऱ्या वाटा मिळून तीन ते चार लाख लोक गेले असं मानतात. पाच-सहा महिने लागायचे. १८५० च्या कायद्याने एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि नवराबायकोला मिळून ६४० एकर जमीन फुकट मिळायची, म्हणजे माणूस घरदार विकून का निघाला हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आत शिरल्या शिरल्या गाड्यांचा तांडाच उभा केलाय. खऱ्या मापाच्या गाड्या, बैल, माणसं, पोरं, आणि तुम्ही बाजूने चालत जाता तसे आवाज येत राहतात, कुणाच्या डायरीतलं, कुणाच्या पत्रातलं वाचून दाखवलेलं. माझी मुलगी पुढे पळाली, आई एका बाईच्या पुतळ्यापाशी थांबली, आणि आप्पा थेट जुवापाशी. तिथंच त्यांची वीस मिनिटं गेली. "ह्यांच्या बैलास्नी वशिंडच न्हाई, मग जू ठरणार कशावर?" आणि मग त्यांनीच शोधून काढलं की लाकडी कमान मानेखालून घेऊन वर जुवात अडकवलीये, आपल्यासारखी शिवळ आणि जुंपणी नाही. वेसण नाही, कासरा नाही. गाडीवान गाडीत बसतच नव्हता, बैलांच्या डाव्या बाजूने चालायचा आणि तोंडाने हाकारायचा. आणि गाडीवानच कशाला, बायकापोरंसुद्धा बहुतेक वाट चालतच गेली, कारण गाडीला स्प्रिंग नाहीत आणि आत सामान ठासून भरलेलं.

सामानाचं सांगतो. १८४५ सालच्या एका मार्गदर्शिकेत माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड खारवलेलं डुकराचं मांस, २० पौंड साखर, १० पौंड कॉफी, १० पौंड मीठ घ्या म्हणून सांगितलंय. आईने मनातल्या मनात हिशोब केला, माणशी नव्वद किलो पीठ, आणि म्हणाली रोज संध्याकाळी उघड्यावर चूल मांडायची आणि सरपण कुठलं? तर सरपण म्हणजे वाळलेलं रानरेड्यांचं, म्हणजे इथल्या बायसनचं, शेण! झाडच नाही अशा माळावर महिनाभर त्याच्यावरच भाकरतुकडा. आईला त्याच्यात काही विचित्र वाटलं नाही, ती म्हणाली आमच्या शेणीचा धूर डोळ्याला लागत नाही, ह्यांचा कसा होता कुणास ठाऊक. सकाळी दूध भांड्यात घालून गाडीला टांगायचं आणि दिवसभराच्या हिसक्यांनी संध्याकाळपर्यंत लोणी निघालेलं असायचं, हे तर तिने घरी फोन करून मावशीला सांगितलं.

पण मला स्वतःला आतून हललं ते चाकांचं ऐकून. कोरड्या हवेत चाकाचं लाकूड आकसायचं आणि लोखंडी धाव ढिली होऊन निसटायची, म्हणून रात्री चाकं काढून नदीत भिजत घालायची. मी आप्पांना हे सांगायला गेलो तर त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, "मग घालायचीच! आम्ही चैतात वढ्याच्या डव्हात घालायचो, धाव निघाली की पाचर मारायची." हजारो मैल लांबच्या, कधी न बघितलेल्या लोकांनी तोच उपाय शोधला होता. मागच्या कण्याला टांगलेली वंगणाची बादलीही त्यांनी कुणी न दाखवता ओळखली. मी दहा वर्षं अमेरिकेत आहे, आप्पांना माझं काम काय ते नीट समजावून सांगता आलेलं नाही मला, आणि त्या दिवशी मात्र ते मला अमेरिका समजावून सांगत होते.

मरणाचं सगळं तिथं स्पष्ट मांडलंय आणि ते मला योग्य वाटलं. पिक्चरमध्ये दाखवतात तसे मूळ रहिवाशांचे हल्ले होऊन मेले त्याच्या कितीतरी पट लोक कॉलऱ्याने गेले, नदी ओलांडताना बुडाले, स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून किंवा चाकाखाली येऊन गेले. कधी वाटेतच पुरायचे आणि वरून गाड्या न्यायचे, जागा ओळखू येऊ नये म्हणून. अमेलिया स्टुअर्ट नाइट नावाच्या बाईची १८५३ ची डायरी प्रसिद्ध आहे, सात लेकरं सोबत, आठवं पोटात, ते जन्मलं प्रवास संपत आल्यावर रस्त्याच्या कडेला. एके दिवशी एक मुलगी चुकून मागेच राहिली, मागून येणाऱ्या तांड्याने आणून दिली. आई त्यानंतर नातीचा हात सोडायलाच तयार नव्हती.

आता मुख्य गोष्ट. बरेच लोक आतलं बघून, फोटो काढून परत जातात, तसं करू नका. मोठ्या खिडक्यांमधून खाली माळावर एक अस्पष्ट पट्टा दिसतो, तो म्हणजे खऱ्या गाड्यांची खरी चाकोरी. आपण चाकोरी हा शब्द इतका वापरतो, चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीबाहेरचं काम, पण डांबरी रस्त्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याने ती जमिनीवर कधी बघितलेली नसते. ४ मैलांहून जास्त पायवाटा आहेत इथं, काही पक्क्या आहेत, पण खालपर्यंत उतरून परत चढायचं म्हणजे वयस्कर माणसांना दमवणारं, सावलीला एक झाड नाही आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागते. आम्ही ऐन दुपारी उतरायला गेलो आणि आईला चक्कर आल्यासारखं झालं, तिथून वर आलो, पाणी पाजलं, तासभर बसवलं. तुम्ही सकाळीच जा, पाणी भरपूर घ्या, सापांच्या सूचना असतात त्या वाचा. आणि पाय दुखत असतील तर हायवे ८६ वर खालीच गाडी लावायची एक छोटी जागा आहे, तिथून चाकोरीपर्यंत थोडंच चालावं लागतं. आम्ही शेवटी तसंच केलं.

खाली काही नाही. सेजब्रशची झुडपं, त्यांचा तो कडवट वास, खुणेचा खांब, आणि दोन्ही बाजूंनी थोडी दबलेली, मधे गवत आलेली वाट. बर्न्ट नदीच्या अवघड दरीतून वर आलेल्या लोकांना इथून पहिल्यांदा पुढचं हिरवं खोरं आणि त्याच्या पलीकडे ब्लू माउंटन्स दिसायचे, म्हणजे पोचलो म्हणावं तोवर पुढचा घाट समोर. आप्पा उकिडवे बसले आणि हाताने दोन चाकोऱ्यांमधलं अंतर मोजलं. "आपल्या गाडीएवढंच भरतंय बघ."

ही वाट टिकली कशी हा प्रश्न मला पडला होता. एवढ्या लांबीत जेमतेम ३०० मैलांवर चाकोरी आज ओळखू येते, बाकीची नांगराखाली, रस्त्याखाली, गावांखाली गेली. इथली राहिली कारण हा माळ कोरडा, नांगरायच्या लायकीचा नाही. आणि दुसरं कारण माणसं. एझ्रा मीकर नावाचा गृहस्थ १८५२ साली बायको आणि तान्ह्या बाळाला घेऊन या वाटेने आला होता, आणि १९०६ साली, वयाच्या ७५ व्या वर्षी, परत बैलगाडी जुंपून उलट दिशेने निघाला, गावोगावी थांबून लोकांना सांगायला की ही वाट पुसत चाललीये, खुणेचे दगड लावा. गाडी थेट वॉशिंग्टनला नेऊन राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना दाखवली. बेकर सिटीत त्याच्या दगडावरच्या पाटीसाठी ८०० शाळकरी मुलांनी मिळून ६० डॉलर जमवले होते. सरकारने नॅशनल हिस्टॉरिक ट्रेल म्हणून दर्जा दिला तो १९७८ मध्ये, मीकर गेल्यावर ५० वर्षांनी. मधल्या काळात ही वाट या असल्या हट्टी माणसांनी आणि त्या प्रवाशांच्या नातवंडा-पतवंडांनी सांभाळली. (आप्पांनी मीकरच्या बैलांचं काय झालं विचारलं. ते भुसा भरून टॅकोमाच्या म्युझियममध्ये ठेवलेत, गाडीसकट.)

धोका अजून संपलेला नाही. ओरेगनमधल्या बोर्डमनपासून आयडाहोतल्या हेमिंग्वेपर्यंतच्या ५०० किलोव्होल्टच्या नव्या वीजवाहिनीची आखणी या टेकडीजवळूनच आहे आणि इथल्या लोकांनी तिला वर्षानुवर्षं विरोध केलाय. वीज लागते हे मला कळतं, माझंच काम विजेवर चालतं, पण त्या खिडकीतून दिसणाऱ्या मोकळ्या माळाला बदली जागा नाही, तो एकदा अडला की अडला.

आणि एक विनंती, इथवर आलात तर दुसऱ्या दिवशी तसंच पुढे एक्झिट २१६ पर्यंत, पेंडल्टनच्या अलीकडे टमास्टस्लिक्ट कल्चरल इन्स्टिट्यूट बघा. साधारण दीड तास. केयूस, उमाटिला आणि वाला वाला या इथल्या मूळ रहिवासी जमातींनी स्वतः उभारलेलं, १९९८ पासूनचं. ज्या जमिनी "फुकट" वाटल्या त्या यांच्या होत्या. ब्लू माउंटन्समधून गाड्या गेल्या त्या पायवाटाही आधी यांच्याच. १८४७ च्या गोवराच्या साथीत केयूस लोकांपैकी जवळपास अर्धे गेले. १८५५ च्या तहात या तिघांनी मिळून ६४ लाख एकर सोडले. मांडणी तीन भागांत आहे, आम्ही होतो, आम्ही आहोत, आम्ही असू. आम्ही तिथं तीन तास होतो आणि मुलीने परत येताना गाडीत जे प्रश्न विचारले त्यातल्या निम्म्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही जागा बघितल्याशिवाय एकही पुरती बघितली असं मला म्हणता येणार नाही. याच सगळ्या वाटेवरून जॉर्ज बुश नावाचा काळा माणूस १८४४ मध्ये आला आणि ओरेगनमध्ये काळ्यांना राहायला बंदी म्हणून अजून उत्तरेला जाऊन वसला, हेही पोरांना सांगा.

राहायची सोय बेकर सिटीत भरपूर आहे. शाकाहारी असाल तर घरून दशम्या-चटणी न्या, आम्ही नेल्या होत्या आणि गाडीपाशीच बसून खाल्ल्या. लहान मुलांना दोन तास सहज पुरतं, शेतीतल्या माणसाला अख्खा दिवस. माझ्याकडून पाचपैकी पाच.

परत येताना आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले आपल्या वाडीवरनं म्हसवडच्या बाजाराला जायची गाडीवाट आता कुठंच दिसत नाही, अर्धी डांबराखाली गेली, अर्धी लोकांनी बांध कोरून शेतात घेतली, पण ती कुठनं कशी जायची ते अजून त्यांना पाठ आहे. मुलीने वहीचं मागचं पान फाडून दिलं आणि पुढचा तासभर दोघं मागच्या सीटवर नकाशा काढत होते, ओढा इथं, वडाचं झाड इथं, चढाला दुसरी जोडी लावायची ती जागा इथं. बॉइसीच्या अलीकडे मी सांगितलं की गावाच्या वर बॉनव्हिल पॉइंटलाही चाकोरी आहे, आपल्या घरापासून अर्ध्या तासावर. उद्या सकाळी उन्हाच्या आधी जाऊ म्हणाले.