स्वस्तातलं रीकर्व्ह धनुष्य आणि शिकारीचा पहिला हंगाम: दहा महिन्यांनंतर

हे धनुष्य मी मार्चमध्ये घेतलं. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून हरणांच्या शिकारीचा हंगाम संपेपर्यंत थांबले.

आम्ही पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गजवळ राहतो. लाकडी मूठ, तिला वर-खाली स्क्रूनं बसणारे दोन लिम्ब (धनुष्याचे वाकणारे हात) आणि ६२ इंच लांबी असलेलं हे सुटं होणारं रीकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, मला १५० डॉलरच्या आसपास पडलं. सोबत फक्त दोरी आली. दोरी चढवायचं स्ट्रिंगर वेगळं घ्यावं लागतं, आणि ते घ्याच. पायात अडकवून धनुष्य वाकवलं की लिम्ब पिळतो, आणि एकदा पिळलेला लिम्ब सरळ होईलच असं नाही.

सुरुवात ३० पौंडांच्या लिम्बवर केली. पौंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, म्हणजेच ताण. शिकारच करायची तर आधीपासूनच जड ताण घे, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. ऐकलं नाही, ते बरं झालं. हलक्या ताणावर खांदा नीट बसतो, दोरी हनुवटीपाशी त्याच जागी येते, सोडताना बोटं झटकत नाहीत. जुलैपर्यंत दहा यार्डांवरून बाण कागदी ताटलीच्या आत बसू लागले.

मग लिम्ब बदलले. धनुष्यावर लिहिलेला ताण २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी तेवढी मागे खेचल्यावरचा असतो, हे खोक्यावर कुणी ठळक लिहीत नाही. माझी ओढ २६ इंच आहे आणि दर इंचामागे दोन-अडीच पौंड कमी होतात. ४० पौंडांचे लिम्ब दुकानातल्या काट्यावर माझ्या ओढीला जेमतेम ३५ भरले. इथल्या कायद्यात किमान ३५ पौंड लागतात. काठावर राहायला नको म्हणून ४५ चे घेतले. ते मला ४० च्या आसपास पडतात. पहिले तीन आठवडे दिवसाला पंधराच बाण मारले. थकलेल्या हातानं चुकीचाच सराव पक्का होतो. उंची कमी असलेल्या बायकांनी आणि मुलांनी काट्यावर मोजल्याशिवाय लिम्ब घेऊ नयेत.

धनुष्याबद्दल तक्रार जवळजवळ नाही. फक्त दोरीची उंची, म्हणजे मुठीपासून दोरीचं अंतर, आठ इंचांच्या आसपास आणेपर्यंत आवाज फार येत होता. पैसे वाया गेले ते बाणांवर. एका विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त डझनावर लिहिलेलं होतं ५००, पण मला तेही ताठ पडत होते. हा आकडा बाण किती वाकतो ते सांगतो: आकडा मोठा तितका बाण लवचीक. उजव्या हातानं मारणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, आणि मी दोन महिने स्वतःचा हात सुधारत बसले. ६०० चे बाण घेतले आणि त्याच संध्याकाळी ते मधोमध बसू लागले. त्या जुन्या डझनातले दोन मागच्या टोकाला तडकलेही होते. कार्बनचा बाण मारण्याआधी प्रत्येक वेळी हलका वाकवून, कान देऊन तपासा. तडकलेला बाण सुटताना फुटला तर काड्या हातात घुसतात.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी असं मलाही वाटतं. इथे परवाना, हंगाम आणि कुठल्या भागात हरणांच्या किती माद्या मारायच्या हे सगळं ठरलेलं असतं. धनुष्यांवरच्या ११ टक्के करातूनही वन्यजीवांच्या कामाला पैसा जातो. हे सगळं समजावलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "हरणाचे हाल होऊ देऊ नकोस."

त्यानंतर माझा खर्च कुठे जावा ते ठरून गेलं. १७५ ग्रेन वजनाचं, दोन धारांचं, न उघडणारं ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाला लावायचं शिकारीचं पातं घेतलं. एवढ्या ताणाला उघडमीट होणारी पाती नकोत, त्यांना उघडण्यातच जोर खर्च होतो. खोक्यातून निघालं तेव्हा त्यानं कागदही धड कापला नाही. कानस आणि दगडावर प्रत्येक पातं अर्धा तास घासलं, मनगटावरचे केस निघेपर्यंत. सरावाच्या बाणांचं टोक आणि हे पातं वेगळं उडतं, म्हणून सप्टेंबरभर फोमच्या लक्ष्यावर पातीच लावून मारली. कापडी पिशवीच्या लक्ष्यावर पाती मारू नका, ती फाटते आणि बाण निघत नाही. माझी मर्यादा ठरली १५ यार्ड. थंड हातानं, दिवसातला पहिला बाण जिथून दर वेळी ताटलीत बसतो तेवढीच आपली मर्यादा.

ऑक्टोबरात स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे शिकारीला खुल्या असलेल्या सरकारी जंगलात, दोनदा हरीण दिसलं. एक २२ यार्डांवर, पूर्ण आडवं उभं. धनुष्य उचललंच नाही. नोव्हेंबरात एक मादी १२ यार्डांवर आली, मान खाली घालून ओक फळं वेचत. बाण फासळ्यांतून आरपार गेला. अर्धा तास जागेवरून हलले नाही, मग रक्ताच्या खुणा धरून चालत गेले. सत्तर पावलांवर ती पडली होती. तिच्या अंगावर हात ठेवून बराच वेळ बसले.

मांस महिनाभर पुरलं, दोन शेजाऱ्यांनाही दिलं. कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर तीन तास लागतात, चरबी नसल्यानं घाई केली तर चामट होतं.

पुढच्या वर्षीही हेच धनुष्य. दोरी बदलणार आहे आणि ६०० चे सहा बाण आणखी घेणार आहे.